छऱ्याच्या बंदुकीचा खेळ : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

(१९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, मूर्तिजापूर येथे, दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘अकोल्याची बंदूकवाली बाई’ अशी करून दिली, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, ‘‘का करतं व तू त्या बंदुकीनं?’’ प्रश्न रास्त आहे. आज मला वीस मिनिटं दिली आहेत, त्यात त्याचंच उत्तर देते. आणि शेवटी आपल्या वर्गणीच्या पैशांबद्दल एक सूचना मांडते. जेवण भरपूर झालं आहे हे मला ठाऊक आहे. त्यामुळे कोणाचा डोळा लागला तरी हरकत नाही, फक्त सूचनेच्या वेळी शेजाऱ्याने उठवावं.

आधी एक गोष्ट मान्य करू. या खेळाशी आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाची ओळख आहे. बहिरमच्या जत्रेत हंडीचं मटण खाऊन झालं की फुगे फोडायच्या दुकानासमोर आपण सगळेच उभे राहिलो आहोत. लाकडी फळीवर रंगीत फुगे, समोर साखळीला बांधलेली बंदूक. ती मधे मोडायची, छर्रा घालायचा, बंद करायची आणि दाबायची. ती छऱ्याची बंदूक म्हणजे इंग्रजीतली एअर गन. आपल्यातल्या ज्यांनी एनसीसी केली त्यांनी पुढे .२२ ची खरी रायफलही चालवली. जमिनीवर पालथं पडून, दस्ता खांद्याला घट्ट लावून, ‘‘ग्रुपिंग आण रे’’ म्हणून उस्तादांचं ओरडणं ऐकत. मीही अमरावतीला कॉलेजात एनसीसीतच हे शिकले. तेव्हा विषय नवा नाही. आपण तो जत्रेत आणि परेडच्या मैदानात सोडून आलो, एवढंच.

आता आपली मुलं-नातवंडं काय खेळतात ते सांगते, कारण माझ्याकडे पालक येतात ते तिथूनच सुरुवात करतात. ‘‘मॅडम, पोरगा दिवसभर मोबाइलवर गोळ्या झाडतो.’’ दुसरे म्हणतात, ‘‘पुण्याला शिकणाऱ्या मुलाला एअरसॉफ्टचं वेड लागलंय, ते काय असतं?’’ ते समजून घेऊ.

एअरसॉफ्टचा जन्म जपानचा. तिथे सामान्य माणसाला बंदूक बाळगणं जवळजवळ अशक्य, म्हणून १९७० नंतरच्या काळात तिथल्या खेळणी बनवणाऱ्यांनी हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, पण प्लॅस्टिकचा गोळा फेकणाऱ्या बंदुका काढल्या. गोळा ६ मिलिमीटरचा, आपल्या तुरीच्या दाण्याएवढा. वजन बहुधा पाव ग्रॅमच्या आतबाहेर. १९९१ मध्ये तोक्यो मारुई या कंपनीने बॅटरीवर चालणारी बंदूक आणली आणि हा खेळ जगभर पसरला. दोन संघ असतात. एकमेकांना टिपायचं, झेंडा पळवायचा, ठाणं राखायचं. जपानी कायद्याने गोळ्याची ताकद ०.९८ ज्यूलच्या आत बांधून दिली आहे. म्हणजे अंगाला लागला तर चिमटा बसेल. पण डोळ्याला लागला तर डोळा जाईल. म्हणून चेहरा झाकणारा मुखवटा आणि चष्मा घातल्याशिवाय मैदानात पाऊल ठेवायचं नाही, हा त्या खेळाचा पहिला नियम.

त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. गोळा लागल्याची खूण अंगावर राहत नाही, आणि झाडीत पंचाला सगळं दिसत नाही. म्हणून ज्याला लागला त्याने स्वतः हात वर करायचा, ‘हिट’ म्हणायचं आणि बाहेर पडायचं. सगळा खेळ या प्रामाणिकपणावर उभा आहे. आपल्या आट्यापाट्यांत पाटीवरच्या गड्याचा हात पाठीला लागला की नाही, हे पंचाच्या आधी आपल्याला कळायचं. तसंच आहे हे.

मग एअरसॉफ्टच का शिकवत नाही, असं पालक विचारतात. दोन कारणं आहेत. पहिलं कायद्याचं. आपल्याकडे शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे हवेवर चालणाऱ्या बंदुकीला परवान्यातून सूट आहे, पण ती ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीला आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीला. ६ मिलिमीटर त्या मापाबाहेर जातं. दुसरं कारण साधं आहे. ती बंदूक दिसायला खऱ्यासारखी असते. तुमच्या मुलाने बस स्टँडवर पिशवीतून ती बाहेर काढली, तर समोरच्या पोलिसाने काय समजायचं? म्हणून ज्याला एअरसॉफ्टची हौस आहे त्यालाही मी आधी १० मीटरच्या रेषेवर उभं करते. तिथे माणसावर नेम धरायचा नाही. कागदावर धरायचा. बंदूक हातात असताना कसं वागायचं हे अंगवळणी पडलं, की पुढे तो काहीही खेळो, मला काळजी नाही.

तर हा १० मीटर एअर रायफलचा खेळ कसा असतो?

तुम्ही रेषेवर उभे राहता. बरोबर १० मीटरवर, जमिनीपासून १ मीटर ४० सेंटिमीटर उंचीवर लक्ष्य असतं. त्याचं काळं वर्तुळ साडेतीस मिलिमीटरचं, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठं. त्याच्या मधोमध दहा गुणांचा पांढरा ठिपका असतो. किती मोठा? अर्धा मिलिमीटर! पेनाच्या टोकाने ठिपका द्यावा तेवढा. आणि आपला छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे छर्रा नीट लागला तर तो ठिपका अख्खा गिळून टाकतो. ठिपक्याच्या ऐन मध्यावर लागला तर १०.९. स्पर्धेत ६० छर्रे, ७५ मिनिटं. पूर्ण गुण ६५४. एअर पिस्तुलाचं लक्ष्य मोठं असतं, दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, कारण पिस्तूल एकाच हाताने धरायचं, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. रायफलचं वजन साडेपाच किलोच्या वर चालत नाही आणि पिस्तुलाचं दीड किलोच्या वर.

बंदुका दोन तऱ्हेच्या. नळी मोडून भरायची ती स्प्रिंगची. जत्रेतली तीच. ती स्वस्त, काही हजारांत मिळते, पण सुटताना आतली स्प्रिंग आणि पिस्टन धक्का देतात, त्यामुळे हलते. स्पर्धेची रायफल दाबलेल्या हवेवर चालते. तिच्या सिलिंडरात सुमारे २०० बार दाबाने हवा भरतात. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ नव्वद पट. ती सुटताना जाणवतही नाही. मात्र किंमत लाखाच्या पुढे, आणि सिलिंडरवर मुदत लिहिलेली असते ती पाळावीच लागते. सुरुवातीला कोणीही स्वतःची बंदूक घेऊ नये. सहा महिने रेंजवरच्या बंदुकीने शिकावं. पोराची हौस टिकते की नाही, तेही त्यात कळतं.

आता शिकायचं काय, ते पाच पायऱ्यांत सांगते.

पहिली पायरी उभं राहण्याची. पाय खांद्याएवढे फाकवून, शरीराची एक बाजू लक्ष्याकडे. डावा हात रायफलखाली, कोपर कमरेच्या हाडाजवळ टेकलेलं. वजन स्नायूंनी पेलायचं नाही, हाडांवर ठेवायचं. डोक्यावर घागर घेऊन नदीवरून येणाऱ्या आपल्या आज्या हे न शिकता करत होत्या. डोळे मिटून रायफल धरा आणि उघडा. नेम डावीकडे गेला असेल तर हाताने ओढून आणू नका, पाय सरकवा. हात थकतो आणि परत तिकडेच जातो. पाय थकत नाही.

दुसरी पायरी श्वासाची. श्वास घ्या, सोडा, आणि सोडल्यावर जी नैसर्गिक विश्रांती येते तिच्यात थांबा. पाच ते आठ सेकंद. त्याहून जास्त थांबलात की डोळ्याला ऑक्सिजन कमी पडतो आणि नजर धूसर होते. आपल्याला वाटतं आपण नेम सुधारतो आहोत. प्रत्यक्षात दर सेकंदाला तो बिघडत असतो.

तिसरी पायरी नजरेची. मागच्या बारीक छिद्रातून पुढचं कडं पाहायचं आणि कड्याच्या आत काळं वर्तुळ बसवायचं. सगळी वर्तुळं एकात एक, रांगोळीच्या कणीसारखी. नवा माणूस लक्ष्याकडे टक लावून बघतो, कारण मारायचं तिकडे आहे ना! पण नजर पुढच्या कड्यावरच हवी. लक्ष्य किंचित अंधूक दिसलं तरी चालतं. दुसरा डोळा आवळून मिटू नका, त्याच्यापुढे कागदाची पट्टी लावा. डोळा आवळला की चेहरा ताणतो, चेहरा ताणला की मान ताणते.

चौथी पायरी चापाची. चाप ओढायचा नाही, दाबायचा. तोही बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे, लिंबू पिळावं तसा हळूहळू. छर्रा कधी सुटणार हे नेमकं ठाऊक नसेल तर उत्तम.

पाचवी पायरी सर्वांत दुर्लक्षित. छर्रा सुटल्यावर लगेच रायफल खाली आणायची नाही. दोन सेकंद तसंच राहायचं. क्रिकेटमध्ये फटका मारल्यावर बॅट पूर्ण फिरू देतात, तसं. आणि मनातल्या मनात सांगायचं, तो कुठे लागला असेल. त्यानंतर पाहायचं. दोन्ही जुळायला लागलं की शिकणारा पुढे गेला असं मी समजते, गुण कितीही असोत.

घरी करायचा सराव फुकट आहे. पिस्तूल शिकणाऱ्याने पाण्याची एक लिटरची बाटली हात लांब करून धरावी, भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहावं, एक मिनिट धरून एक मिनिट सोडावं. दहा वेळा. सोपं वाटतं ना? आज रात्री करून पाहा आणि उद्या सकाळी ग्रुपवर कळवा.

आता नियम. यात मी कोणाचं ऐकत नाही. बंदूक रिकामी आहे हे ठाऊक असलं तरी ती भरलेली आहे असंच वागायचं. तोंड कायम लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. ‘स्टॉप’ म्हटलं की त्या क्षणी थांबायचं, वाक्य पुरं होण्याची वाट पाहायची नाही. रेषेच्या पुढे कोणी असेल तर कोणीही बंदुकीला हातसुद्धा लावायचा नाही. बंदूक ठेवताना नळीत रंगीत दोरी घालायची, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबून दिसतं. डोळ्यांवर चष्मा हवा. आणि छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. माझ्या रेंजवर जो मुलगा बंदूक गमतीनेही माणसाकडे वळवतो, तो त्या दिवशी घरी जातो. पालकांचा फोन आला तरी घरीच. पाखरांवर छर्रा मारणाऱ्याला तर मी पुन्हा घेत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी घेतलं नसतं.

आता मागच्या रांगेच्या प्रश्नाकडे येते. सकाळी आपल्या एका सरांनीही मला तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. ‘‘बाळ, जगात मारामाऱ्या काय कमी आहेत, की शाळेत बंदूक आणायची?’’ सर, या प्रश्नावर मी खूप वर्षं विचार केला आहे.

या खेळात मी मुलांना नेम शिकवते असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे मी त्यांना बंदूक खाली ठेवायला शिकवते. रायफल उचलली, श्वास थांबवला, आणि आतून वाटलं की आज बसत नाही, तर चापावरचं बोट काढायचं आणि रायफल खाली घ्यायची. पुन्हा श्वास, पुन्हा उचलायची. चांगला नेमबाज स्पर्धेत कितीतरी वेळा असं करतो. बघणाऱ्याला कंटाळा येतो. पण तोच खेळाचा गाभा आहे. मोबाइलवरच्या खेळात याच्या नेमकं उलट आहे. तिथे जो थांबला तो मेला. इथे ज्याला थांबता आलं नाही तो हरला.

माझ्याकडे एक मुलगी होती. वडील जिनिंगमध्ये हमाल. अंगाने किडकिडीत, कबड्डीच्या संघात कोणी घेईना, पीटीच्या तासाला भिंतीला टेकून बसायची. जिल्हास्तरावर तिचा शेवटचा छर्रा राहिला होता, घड्याळात दोन मिनिटंही नव्हती. तिने रायफल उचलली आणि खाली ठेवली. परत उचलली, परत ठेवली. असं चार वेळा. माझ्या पोटात गोळा. पाचव्या वेळी सोडला. ९.८ लागला. पदक मिळालं नाही. परत येताना एसटीत मी विचारलं, ‘‘का गं, एवढं थांबलीस?’’ ती म्हणाली, ‘‘मॅडम, आधी सोडला असता त सात लागला असता. आतून समजते नं.’’ ती आता नर्सिंगला आहे. रायफल सुटली. पण ‘आतून समजते’ हे तिच्याकडून सुटणार नाही असं मला वाटतं. सर, शाळेत बंदूक आणायची ती एवढ्यासाठी.

आणखी एक. हा खेळ शरीराची फार अट घालत नाही. चष्मा चालतो. उंची लागत नाही. राजस्थानच्या अवनी लेखराने व्हीलचेअरवरून १० मीटर एअर रायफलमध्ये टोकियो आणि पॅरिस अशा लागोपाठ दोन पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. मुलींना तर हा खेळ बरोबरीचा आहे. मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतूनच या खेळात आल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. त्यांच्यानंतर महाराष्ट्रातल्या मुलींची रांगच लागली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, कोल्हापूरचीच राही सरनोबत २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेऊन आली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलचा जगज्जेता झाला.

अभिनव बिंद्राचं नाव सगळ्यांना माहीत आहे. ११ ऑगस्ट २००८, बीजिंग. शेवटच्या छऱ्याआधी तो आणि फिनलंडचा हॅकिनेन बरोबरीत होते. हॅकिनेनला ९.७ लागला, बिंद्राला १०.८. भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण त्या एका छऱ्यावर ठरलं. आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. स्वप्निल राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. आणि पदक जिंकलं तेव्हा नोकरी मध्य रेल्वेत, तिकीट तपासनीसाची. आपल्या मूर्तिजापूर स्टेशनातून धडधडत जाते तीच मध्य रेल्वे. त्याचा खेळ .२२ चा, पण उभं राहणं, श्वास आणि चाप या पायऱ्या त्याच.

तुम्ही म्हणाल, हे सगळे कोल्हापूर-मुंबई-ठाण्याचे. वऱ्हाडात कुठे काय? वऱ्हाडाला खेळ नवे नाहीत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. वैद्य बंधूंनी काढलेलं. १९३६ मध्ये त्यांचं पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं करून आलं. अकोल्यात वसंत देसाई क्रीडांगण म्हटलं की बॉक्सिंगची पोरं डोळ्यांसमोर येतात. आणि नेम धरण्याचं म्हणाल तर साताऱ्याच्या दुष्काळी सरडे गावचा प्रवीण जाधव धनुर्विद्या शिकायला आला तो अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत, आणि इथून टोकियो ऑलिम्पिकला गेला. साताऱ्याचं पोरगं नेम शिकायला अमरावतीला येतं, आणि मूर्तिजापूरच्या पोराने मात्र जत्रेत फुगेच फोडायचे?

तर आता सूचना. ज्यांचा डोळा लागला आहे त्यांना उठवा.

आपण वर्गणी जमवली आहे. सकाळच्या बैठकीत शाळेच्या दारात कमान बांधायची आणि तिच्यावर आपल्या तुकडीचं नाव कोरायचं, असं ठरत आलं आहे. कमानीला माझा विरोध नाही. पण मागच्या अंगणातली उद्योगाची शेड आठवते का? जिथे आपण टकळीवर सूत कातायचो आणि सूत तुटलं की बाईंचा मार खायचो? ती आज रिकामी आहे. मोडकी बाकं ठेवली आहेत तिथे. मी मघाशी चालून पावलांनी मोजली. १० मीटर नेमासाठी, मागे चार-पाच मीटर उभं राहायला, असं पंधरा मीटर लागतं. ती तेवढी भरते. एका नेमबाजाला किमान एक मीटर रुंदी धरली, तर चार जण आरामात उभे राहतील.

लागणारं सामान फार नाही. छर्रे अडवायला तिरप्या पत्र्याच्या लोखंडी पेट्या. त्या आपला वेल्डिंगवाला वर्गमित्र करून देईल, तो इथेच बसला आहे आणि मान खाली घालतो आहे. कागदी लक्ष्य पुढे-मागे न्यायला दोरी आणि कप्पी. लक्ष्यावर चांगला उजेड. समोरच्या भिंतीतलं दार विटांनी बंद करावं लागेल, म्हणजे पुढून कोणी आत येणारच नाही. सुरुवातीला दोन रायफली, एक पिस्तूल. बंदुका लोखंडी कपाटात, दोन किल्ल्या, एक मुख्याध्यापकांकडे, एक प्रशिक्षकाकडे. दोघं असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. शाळेची लेखी परवानगी, पालकांची संमती, जिल्हा क्रीडा कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला आधी पत्र. यातलं एकही राहिलं तर मी स्वतः कुलूप लावीन.

आणि शिकवणार कोण? मे महिन्यात अकोल्यात ४५ अंशांत मैदानावर पोरं उभी करता येत नाहीत, तेव्हा माझे शनिवार-रविवार मोकळे असतात. अकोल्याहून इथे यायला फार वेळ लागत नाही. पहिली दोन वर्षं मी येईन. तोवर शाळेतल्या एका शिक्षकाला तयार करू. अमरावतीकर मंडळींनी मनावर घेतलं तर आठवड्यातला आणखी एक दिवस भरून निघेल. आपल्यात एनसीसीचे निदान सहा जण आहेत, हे मी मोजलं आहे.

कोणी म्हणेल, या शाळेतून ऑलिम्पिकला कोण जाणार? बहुधा कोणी नाही. पण पीटीच्या तासाला भिंतीला टेकून बसणारी पाच-सहा पोरं दरवर्षी असतात. आपल्या वर्गातही होती, त्यातली काही आज या मांडवात आहेत. त्यांच्यासाठी आपण तेव्हा काही केलं नाही, कारण आपणही पोरंच होतो. आता आपण पन्नाशी ओलांडली आहे.

निर्णय तुम्ही सगळ्यांनी मिळून करायचा आहे, आणि सरांचं मन वळलं नाही तर मी आग्रह धरणार नाही. चहा साडेचारला आहे. त्याआधी ज्यांना शेड पाहायची असेल त्यांनी माझ्याबरोबर यावं. पावलांचं माप नको म्हणणाऱ्यांसाठी टेप आणला आहे. दुसरं टोक धरायला एक जण हवा.